संमिश्र बंदुकीचें मूल्य कसें ठरवावें

जुनीं शस्त्रें संग्रहीं ठेवणाऱ्या मंडळींत अलीकडे 'जोडीव' हा शब्द वारंवार कानीं येतो. बंदुकीची नळी एका ठिकाणची, कळ दुसऱ्या ठिकाणची आणि दस्ता तिसऱ्याच सुताराच्या हातचा असें आढळलें, कीं ती बंदूक जोडीव ठरते. तिची किंमत निम्म्याहून खालीं येते. आणि पुष्कळदां ती मोडून तिचे भाग सुटे विकले जातात, कारण सुट्या भागांची बेरीज सबंध बंदुकीहून अधिक भरते. पोथ्यांच्या बाबतींत असें कोणीं केलें तर आपण त्यास पानें फाडून विकणारा म्हणूं. बंदुकीच्या बाबतींत मात्र तोच मनुष्य जाणकार ठरतो. हा भेद आम्हांस समर्थनीय वाटत नाहीं, म्हणून या विषयाचा थोडा विस्तारानें विचार करण्याचें योजिलें आहे.

नगर जिल्ह्याच्या (२०२४ मध्यें याचें अहिल्यानगर असें नामांतर झालें) दृष्टीनें हा प्रश्न केवळ हौसेचा नव्हे. जामखेड तालुक्यांतील खर्डें येथें ११ मार्च १७९५ रोजीं मराठ्यांची व निजामाची लढाई झाली. नगरची पेठ ८ ऑगस्ट १८०३ रोजीं व किल्ला १२ ऑगस्ट रोजीं वेलस्लीनें शिंद्यांकडून घेतला. त्या वेळीं बचावांत अरब शिपायांबरोबर शिंद्यांची कवायती फौजही होती. श्रीगोंदें व पारनेर तालुक्यांतील जामगांव येथें शिंद्यांचे वाडे आहेत. सारांश, तोडेदार बंदुका, कवायती पलटणींच्या चकमकी बंदुका, कंपनी सरकारचीं हत्यारें आणि पुढें लष्करी छावणीच्या रायफली अशा तीन-चार पिढ्यांचें लोखंड या एका जिल्ह्यांत एकमेकांत मिसळलें. तेव्हां येथल्या जुन्या घरांत संमिश्र बंदूक सांपडली तर त्यांत आश्चर्य कसलें? एकजिनसी सांपडली तरच चौकशी करावी.

प्रथम एक नियम सांगतों. हत्यारावरील लेख, छाप किंवा अंक हा ज्या भागावर असेल त्या भागापुरताच साक्षीदार असतो. नगर येथें १५४९ मध्यें मुहम्मद बिन हसन रूमी यानें ओतलेली, पुढें १६३२ मध्यें विजापुरास गेलेली 'मुलूख-मैदान' तोफ घ्या. तिच्यावर निजामशाही लेख आहे, आणि विजापूर पडल्यानंतरचा औरंगजेबाचाही आहे. तोफ एकाच ओतणीची असल्यामुळें दोन्ही लेख एकाच वस्तूविषयीं बोलतात. एक जन्म सांगतो, दुसरा स्वामित्व सांगतो. बंदुकीचें तसें नाहीं. कळीच्या पट्टीवर १७९९ हें साल कोरलेलें असेल तर १७९९ ची ती पट्टी एवढेंच सिद्ध होतें. नळीविषयीं, दस्त्याविषयीं, आणि बंदूक कोणत्या लढाईंत होती याविषयीं ती पट्टी मुकी आहे. आमच्या पाहण्यांत जेवढ्या कथा आल्या, त्यांतल्या बहुतेकांचा आरंभ या एका गोष्टीच्या विस्मरणांत आहे.

दुसरा प्रश्न मिश्रण कधीं व कोणीं केलें हा. येथें तलवारीचें उदाहरण उपयोगी पडतें. 'फिरंग' म्हणजे परदेशी पात्यास येथली मूठ बसविलेली तलवार. ती जोडीवच असते, पण तिला कोणी खोटी म्हणत नाहीं. कां? तर तें जोडकाम वापरणाऱ्यानें वापरासाठीं, त्या त्या काळींच केलेलें असतें. न्याय-वैशेषिकांच्या मतें एखादा अवयव गेला कीं जुना अवयवी नष्ट होतो व उरलेल्या अवयवांपासून नवा अवयवी उत्पन्न होतो. फाटलेल्या वस्त्राचा 'खंडपट' होतो तो असा. हें मत अक्षरशः लावलें तर सरकारी कारखान्यांत रोज कित्येक बंदुका मरत व कित्येक जन्मत असें म्हणावें लागेल. परंतु त्यांतील मर्म आमच्या कामाचें आहे. नवा अवयवी हाही खराच पदार्थ असतो. फक्त त्याची जन्मतिथि वेगळी. संमिश्र बंदुकीची जन्मतिथि म्हणजे तिच्यांतील सर्वांत जुन्या भागाचें साल नव्हे, शेवटचा भाग बसला तो दिवस होय. ती तिथि शंभर-दीडशें वर्षांपूर्वींची असेल तर तें जोडकाम स्वतःच इतिहासाचा पुरावा ठरतें. गेल्या दहा वर्षांतली असेल तर तो व्यापार.

सरकारी जोडकामाची व्याप्ति पुष्कळांच्या ध्यानांत नसते. १८६६ मध्यें इंग्रजांनीं आपल्या ठासणीच्या १८५३ नमुन्याच्या एन्फील्ड रायफली फेकून दिल्या नाहींत. नळीचा मागचा तुकडा कापून तेथें जेकब स्नायडरचें मागून काडतूस घालण्याचें यंत्र बसविलें. अशा बंदुकीच्या कळीवर १८६० आणि यंत्र त्यानंतरचें असें असणारच. दोन सालें जुळत नाहींत म्हणून तिला टाकणारा मनुष्य चांगली वस्तु टाकतो. उलट, १८५७ नंतर हिंदी पलटणींस मुद्दाम आटे नसलेल्या, आंतून गुळगुळीत नळीच्या बंदुका दिल्या गेल्या, आणि त्या बाहेरून एन्फील्ड रायफलीसारख्याच दिसत. नळींत आटे नाहींत हें पाहून 'झिजलेली' किंवा 'नळी बदललेली' असा शेरा मारणें म्हणजे त्या अविश्वासाचा पुरावा पुसून टाकणें होय. गोऱ्या पलटणींस नवें हत्यार, काळ्या पलटणींस मागल्या पिढीचें, ही रीत पुढेंही चालू राहिली. गोऱ्यांच्या हातीं मार्टिनी-हेन्री आली त्या वेळीं येथील शिपायांच्या हातीं स्नायडरच होती.

विसाव्या शतकांतील .३०३ रायफल हें या विषयाचें सर्वांत मोठें क्षेत्र आहे. ही आंखूड ली-एन्फील्ड रायफल १९०३ च्या सुमारास प्रचारांत आली. कलकत्त्याजवळ इशापूर येथें पूर्वीं दारूचा कारखाना होता, तेथें १९०४ मध्यें रायफल कारखाना उभा राहिला आणि पुढें हीच रायफल तेथें होऊं लागली. इंग्लंड, ऑस्ट्रेलियांतील लिथगो व इशापूर येथें झालेल्या रायफली दोन महायुद्धांत एकाच फौजेंत वापरल्या गेल्या, एकाच शस्त्रकोठींत दुरुस्त झाल्या, आणि त्यांचे भाग एकमेकांत गेले. तेव्हां बॉडी इंग्लंडची, बोल्ट लिथगोचा, लांकूड इशापूरचें अशी रायफल ही अपवाद नसून नियमच म्हणावा.

तथापि सर्व भाग सारख्या योग्यतेचे नव्हेत. या रायफलींत बॉडी, बोल्टची मूठ, नळी, मागल्या माशीची पट्टी, पुढचें लोखंडी टोपण व पुढचें लांकूड यांवर एकच अनुक्रमांक घालीत. लांकूड किंवा टोपण बदललें तर फारसें बिघडत नाहीं. बोल्टची गोष्ट निराळी. त्याचे खांदे त्या त्या बॉडींत कानस लावून बसविलेले असतात, कारण बार उडतांना मागें येणारा सगळा धक्का तेच सोसतात. परका बोल्ट तसाच घातला तर काडतुसाच्या मागें अंतर राहतें आणि तें काडतूस फुटून उडविणाराच्या तोंडावर येण्याची भीति असते. म्हणून बोल्टचा अंक पाहणें हा केवळ संग्राहकाचा शौक नाहीं. अंक पाहतांना एक बारकावा ध्यानांत धरावा. शस्त्रकोठींतील कारागीर दुसऱ्या रायफलीचा बोल्ट बसवी, तेव्हां जुन्या अंकावर आडवी रेघ मारून शेजारीं नवा अंक ठोकी. ही खोडणी म्हणजे दुरुस्तीची उघड कबुलीच, पोथींत लेखकानें अक्षरावर रेघ मारून समासांत शुद्ध पाठ द्यावा तशी. परंतु जुना अंक कानशीनें घासून नाहींसा केलेला असेल, पृष्ठभाग तेथें खोलगट लागत असेल, आणि नव्या अंकाचा ठसा इतर अंकांहून तीक्ष्ण असेल, तर तेथें हरताळ फासून नवें अक्षर लिहिणारा आला होता असें समजावें.

इशापूरच्या दुरुस्तीची आणखी एक खूण आहे. मॅगझीनच्या पुढें, लांकडाच्या दोन्ही बाजूंस आरपार जाणारा एक स्क्रू दिसतो. लांकूड उलूं नये म्हणून तो घालीत. परदेशांतील संग्राहक त्याला 'इशापूर स्क्रू' म्हणतात आणि कित्येकदां नाकही मुरडतात. आमच्या मतें तो त्या रायफलीच्या हिंदी सेवेचा दाखला आहे व तो काढून लांकूड बुजविणें हा अपराध आहे. स्वातंत्र्यापूर्वींच्या बॉडीवर मुकुट, जी. आर. आय. हीं अक्षरें व इशापूरचें नांव, स्वातंत्र्यानंतरच्या बॉडीवर अशोकस्तंभाचे सिंह व आर. एफ. आय. हीं अक्षरें असतात; दोन्ही राजवटींचे भाग एका रायफलींत सांपडले तरी दचकूं नये. १९६२ च्या युद्धानंतर याच बांधणीवर ७.६२ मि. मी. काडतुसाची '२ए' रायफल इशापूरनें काढली. तिचें चौकोनी मॅगझीन पाहून 'मॅगझीन परकें आहे' असें म्हणणारे आम्हांस भेटले आहेत. तें परकें नाहीं. त्या रायफलीचें तेंच खरें मॅगझीन. याच २ए रायफली पुढें अमेरिकेंत गेल्यावर तेथील व्यापाऱ्यांनीं कांहींच्या नळ्या तोकड्या करून १९४४ च्या ब्रिटिश 'जंगल कार्बाइन'सारखें रूप दिलें. त्या जंगलांत कधीं गेल्या नव्हत्या.

शाळा-महाविद्यालयांच्या कोठींत कवायतीसाठीं ठेवलेल्या रायफलींवर डी. पी. हीं अक्षरें ठोकलेलीं असतात. हा सर्वांत भरमसाट मिश्रणाचा वर्ग, कारण गोळी उडविण्यास निरुपयोगी ठरलेले भाग जमवून अशा रायफली उभ्या करीत. यांना बाजारकिंमत जवळजवळ नाहीं. पण एखाद्या संशोधकास कोणत्या कारखान्याचे भाग या देशांत कोठवर पसरले हें पाहावयाचें असेल तर हाच ढीग त्यानें उपसावा.

आतां खोट्या मालाविषयीं. सरहद्दीवरील दऱ्याच्या बाजारांत, विशेषतः दारा आदमखेल येथें, इंग्रजी रायफलींच्या हुबेहूब नकला हातानें होत आल्या आहेत. नकलणारास इंग्रजी येत नसे, त्यामुळें अक्षरें उलटीं किंवा मोडकीं पडत. व्हिक्टोरिया राणी १९०१ मध्यें वारली. आंखूड ली-एन्फील्ड तिच्या मागून आली. तेव्हां तिच्यावर राणीचीं व्ही. आर. हीं अक्षरें दिसलीं कीं चौकशी तेथेंच संपली. कंपनी सरकारच्या कळीवर आधीं चौकटींत विभागलेलें बदामी चिन्ह व १९ व्या शतकाच्या आरंभापासून मुकुट धरून उभा असलेला सिंह असा क्रम आहे; या क्रमास सोडून असलेलें साल व चिन्ह एका पट्टीवर दिसलें तर तेंही संशयास्पद. परंतु येथेंही एक गोष्ट विसरूं नये. जुन्या नकला आतां स्वतःच जुन्या झाल्या आहेत. शंभर वर्षांपूर्वींच्या लोहारानें हातकानशीनें बनविलेली नक्कल ही नक्कल म्हणून जपण्यासारखी आहे. फक्त तिला तिच्याच नांवानें विकावें.

हें सर्व प्रत्यक्षांत कसें लागू पडतें हें दाखविण्यासाठीं आमच्याकडे पाहणीस आलेल्या एका ठासणीच्या बंदुकीची हकीकत देतों. ती श्रीगोंदें तालुक्यांतील एका घराण्याची. घरांतली परंपरा अशी कीं, पूर्वजानें ती खर्ड्याच्या लढाईंत वापरली. घरच्या मोडी कागदांतील एका जाबत्यांत 'बंदूक तोडेदार १' अशी नोंदही आहे. एका व्यापाऱ्यानें ती पाहून सांगितलें कीं, कळ मागाहूनची आहे; ती काढून तोडेदार कळ बसवूं, जाबत्याची नक्कल सोबत देऊं, म्हणजे 'खर्ड्याची बंदूक' म्हणून आजच्या कित्येक पट पैसे येतील. घरांत पैशाची निकड होती. मोह सामान्य नव्हता.

नळी लांब, देशी घडणीची, पट्ट्या पिळून जोडलेली. तिच्या उजव्या कुशीस रंजकाच्या प्याल्याची जागा कापून समतल केल्याची खूण स्पष्ट होती आणि त्या जागीं टोपी बसविण्याची निपल पेंचानें बसविली होती. म्हणजे नळी मुळांत तोडेदार बंदुकीचीच. कळीवर मुकुटधारी सिंह; आणि चकमकीची कळ बदलून टोपीची केल्यास जुन्या प्याल्याच्या व चकमक-पोलादाच्या पेंचांचीं भोंकें बुजविलेलीं दिसतात, तीं येथें नव्हतीं. म्हणून कळ मुळांतच टोपीची. ती १८४० च्या सुमारापूर्वींची असूं शकत नाहीं. येथवर व्यापाऱ्याचें म्हणणें बरोबर होतें. या रूपांत ही बंदूक खर्ड्यास असणें अशक्य.

पुढें आम्हीं कळ उतरवून दस्ता पाहिला, आणि तेथें निकाल लागला. लांकडांतली खोबण याच कळीच्या आकाराची होती, कोठें भरण नाहीं, दुसऱ्या कळीसाठीं आधीं केलेली कापणी नाहीं. निपलेजवळचें लांकूड दारूच्या झळीनें काळें पडून खोलवर जळालेलें होतें, तें वर्षानुवर्षांच्या वापराशिवाय होत नाहीं. नळी वर उचलली तों तिच्या पोटाशीं कानशीच्या तीन खांचा दिसल्या. तशाच तीन खांचा कळीच्या पट्टीच्या आंतल्या अंगास आणि तशाच तीन दस्त्याच्या पन्हळींत. कोणा गांवठी कारागिरानें आपल्या पुढ्यांतील कामांत हे तीन भाग एकत्र राहावे म्हणून केलेली ही खूण. एन्फील्डच्या कारखान्यांत अनुक्रमांक ठोकीत, यानें खांचा मारल्या, काम एकच.

आमचें लेखी मत असें दिलें: नळी तोडेदार बंदुकीची, जाबत्यांतील बंदुकीची असणें शक्य, परंतु जाबत्यांत मापें नसल्यामुळें सिद्ध नाहीं. सध्यांची बंदूक १९ व्या शतकाच्या मध्याच्या सुमारास किंवा नंतर देशी कारागिरानें कंपनीची कळ घेऊन केलेली, व दीर्घकाळ वापरांत असलेली. कळ बदलल्यास खर्ड्याचा पुरावा निर्माण होणार नाहीं. जो खरा पुरावा आहे तो मात्र नष्ट होईल. १८७८ च्या हत्यारांच्या कायद्यानंतर परवान्यावांचून बंदूक बाळगणें अवघड झालें. असलेलीच बंदूक दुरुस्त करून चालविण्याची वृत्ति त्यानें बळावली असावी असें आम्हांस वाटतें, आणि अशा दुरुस्तीचे नमुने आजवर कोणीं गोळा केलेले नाहींत, कारण ते 'जोडीव' म्हणून मोडले गेले. घरच्या वडील मंडळींनीं बंदूक न मोडण्याचें ठरविलें. त्यांस पैसे कमी मिळतील हें आम्हीं लपविलें नाहीं.

किंमत आणि मूल्य हे दोन हिशेब वेगळे ठेवावे, एवढाच आमचा आग्रह. किंमत ठरवितांना बाजार एकजिनसीपणास भाव देतो व देणारच. त्याच्याशीं भांडण नाहीं. परंतु मूल्य ठरवितांना भाग जुळतात काय याहून ते केव्हांपासून एकत्र आहेत हा प्रश्न मोठा. महाभारताची चिकित्सक आवृत्ति सिद्ध करतांना डॉ. सुखटणकरांस संमिश्र प्रतींचा प्रश्न पदोपदीं पडला. कोणती प्रत कोणत्या परंपरेशीं कोठें मिसळली हें शोधणें हाच त्या कामाचा मोठा भाग होता. मिश्रण झालें म्हणून ती प्रत जाळावी असें कोणास सुचलें नाहीं.

कायद्याविषयीं दोन शब्द. १९५९ च्या हत्यारांच्या कायद्याच्या ४५ व्या कलमान्वयें जुनाट नमुन्याच्या, पुराणवस्तु म्हणून महत्त्वाच्या किंवा मोडक्या हत्यारांस सूट आहे, पण तें हत्यार दुरुस्त करूनही वापरण्याजोगें नसावें अशी अट आहे. आपली बंदूक त्या वर्गांत बसते हें स्वतःच ठरवून मोकळें होऊं नये, जिल्हाधिकाऱ्यांच्या कचेरींत विचारून लेखी उत्तर घ्यावें. .३०३ ही बोअर सामान्य नागरिकास परवान्यावरही मिळत नाहीं. त्याच बांधणीवर सरकारी कारखान्यांनीं.३१५ ची शिकारी रायफल काढली ती याच कारणानें. तेव्हां .३०३ चे सुटे भाग हौसेनें जमवून रायफल जुळविण्याचा विचार कोणीं करूं नये. १९७२ च्या पुराणवस्तूंच्या कायद्यान्वयें शंभर वर्षांवरील वस्तु (हस्तलिखितें व कागदपत्र असल्यास पंचाहत्तर वर्षांवरील) खासगी मनुष्यास परदेशीं पाठवितां येत नाहीं. आमच्या वाचकांस यांतला कंसांतला भाग अधिक लागू पडेल.

शेवटीं पाहणीच्या रीतीविषयीं. शिकलगाराकडून किंवा विटेच्या भुकटीनें चकाकी आणूं नये. उथळ ठसे व कानशीच्या खांचा पहिल्या घासणींतच जातात. ठासणीची बंदूक असेल तर प्रथम गज नळींत घालून आंतली व बाहेरची लांबी ताडून पाहावी. फरक वाजवीहून अधिक आला तर जुना बार आंतच आहे असें समजून जाणत्यास बोलवावें, आणि तोंवर ती चुलीजवळ ठेवूं नये. मग प्रत्येक भागाचें माप, छाप, अंक व खोडलेला अंक निरनिराळ्या ओळींत उतरून घ्यावा, छायाचित्र तिरप्या उजेडांत घ्यावें, आणि कळीखालचें व नळीखालचें लांकूड पाहिल्यावांचून मत देऊं नये. आमच्याकडे अशा अकरा बंदुकांचीं टिपणें जमलीं आहेत. ज्या सभासदांच्या घरीं जोडीव म्हणून माळ्यावर टाकलेली बंदूक असेल त्यांनीं वरील रीतीनें टिपण करून पाठविल्यास आम्ही तें या टिपणांशीं ताडून पाहूं. तीन खांचांची खूण आणखी कोठें आढळल्यास विशेषेंकरून कळवावें.